पिकअपच्या मागचा हूक : रामाकोना परिसरातील एका जोडणीचा आढावा

मालवाहू पिकअपच्या मागे ओढकामासाठीचा हूक कायमचा बसवून ठेवावा की काढून टाकावा, या प्रश्नात एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन वेगवेगळ्या वस्तू एकत्र आलेल्या आहेत, आणि या विषयावरील बहुतेक मतभेद त्यामुळेच लांबतात. गाडी बंद पडली असता ती दुसऱ्या वाहनाने ओढून नेता यावी म्हणून कारखान्यातूनच चेसिसला जोडून येणारी कडी ही पहिली वस्तू. ट्रॅक्टरच्या धर्तीवर ट्रॉली जोडण्यासाठी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बसवून घेतला जाणारा, आडवी पिन घालण्यासाठी वर-खाली भोके असलेला जबडा ही दुसरी. परदेशी गाड्यांवर दिसणारा आणि अलीकडे हौशी मालक भारतातही बसवू लागलेला गोळ्याचा हूक ही तिसरी. त्यात चेसिसखाली चौकोनी पोकळ नळी पक्की केलेली असते, तिच्यात एक दांडा सरकवला जातो आणि दांड्याच्या टोकावरील पोलादी गोळ्यावर ट्रॉलीची वाटी बसते. पहिली वस्तू काढण्याचा प्रश्नच येत नाही, दुसरीच्या बाजूने कायदा उभा राहत नाही, आणि तिसरी वापर नसताना गाडीला लावून ठेवण्याजोगी नाही, असे या आढाव्याचे प्रतिपादन आहे. मात्र त्यामागची कारणे तिन्हींच्या बाबतीत वेगळी आहेत.

रामाकोना हे गाव सावनेरहून सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५४७ वर वसलेले आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, त्यामुळे सौंसर आणि पांढुर्ण्याचा मराठी पट्टा राज्यसीमेच्या पलीकडे पडला. २०२३ मध्ये याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा करण्यात आला. शासन भोपाळचे असले तरी बाजार नागपूरचा, अशी या भागाची जुनी घडी आहे. संत्रा आणि कापूस ही येथील नगदी पिके, आणि त्यांपैकी संत्र्याला वेळेचे बंधन कडक असते : आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबरपासून आणि मृग बहाराची फेब्रुवारीनंतर तोडणीला येतात, आणि तोडलेला माल बगीच्यातून निघून लवकरात लवकर बाजारात पोहोचावा लागतो. छिंदवाडा-नागपूर नॅरोगेज रेल्वे रामाकोन्यावरूनच जात असे. ती आता रुंद झाली असली, तरी बगीच्याच्या धुऱ्यापर्यंत पोहोचणारे वाहन म्हणून पिकअपची जागा रेल्वेला घेता येणारी नव्हती.

ट्रॅक्टर आणि पिकअप यांच्यात येथे कामाची एक न लिहिलेली वाटणी झालेली दिसते. नांगरट, वखरणी, फवारणीचा ब्लोअर, शेणखताची ट्रॉली ही शेतातली कामे ट्रॅक्टर करतो, तर क्रेट भरून डांबरी रस्त्यावरून पन्नास-साठ किंवा शंभर किलोमीटर जाण्याचे काम पिकअप करते. ज्या घरात दोन्ही वाहने आहेत, तेथे पिकअपला ट्रॉली जोडण्याची गरज सहसा उद्भवत नाही. गरज भासते ती ट्रॅक्टर नसलेल्या पिकअपमालकाला, कारण शेजाऱ्याची ट्रॉली मोकळी उभी असते, तोडणीच्या दिवसांत भाडे चढलेले असते, आणि एका फेरीत दीडपट माल नेता आला तर डिझेल वाचते असा त्याचा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही. तो अपुरा आहे, कारण त्यात ब्रेकचा रकाना नाही.

ट्रॅक्टरच्या मागे जी ट्रॉली निमूटपणे चालते, ती पिकअपच्या मागे तशी का चालत नाही, हे समजण्यासाठी वजनाची वाटणी पाहणे आवश्यक आहे. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार नेहमीच जोडणीवर येतो. तो अगदीच कमी असला तर ट्रॉली मागे हेलपाटत राहते, आणि फार असला तर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू खाली बसते. अमेरिकेत ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या सुमारे दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर असावा, असा ढोबळ नियम मानला जातो. आता समजा की पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये तीन मीटर अंतर आहे आणि हूक मागच्या एक्सलच्या मागे एक मीटर वीस सेंटिमीटरवर आहे. अशा हुकावर १०० किलो भार आला, तर तरफेच्या नियमाने पुढच्या एक्सलवरचे ४० किलो उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर १०० ऐवजी १४० किलो वाढतात. पिकअपच्या मागच्या पाट्यांवर आधीच संत्र्याचा भार असतो आणि पुढची चाके तुलनेने हलकी असतात. त्यात आणखी वजन उचलले गेले की चढावर स्टिअरिंग हलके लागते, म्हणजेच वळवलेले चाक रस्त्याला पुरेसे धरत नाही. ट्रॅक्टरची जोडणी एक्सलला लागून आणि बरीच खाली असते, त्याची मोठी चाके मागे असतात आणि वेगही बेताचा असतो, म्हणून हीच तरफ तेथे फारशी उपद्रवी ठरत नाही.

उताराचा प्रश्न याहून गंभीर आहे. रामाकोन्याहून छिंदवाड्याच्या पठाराकडे जाताना सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो, आणि परतताना तोच घाट उतरावा लागतो. बहुतेक शेतट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. भरलेली पिकअप तीन टनांची आणि मागची ट्रॉली दीड टनाची धरली, तर तीन टनांसाठी बनवलेल्या ब्रेकना साडेचार टन थांबवावे लागतात, आणि ब्रेकची ताकद तितकीच राहिली तर सपाट रस्त्यावरही थांबण्याचे अंतर दीडपट होते; उतारावर त्यात गुरुत्वाकर्षणाची भर पडते आणि ब्रेक तापून त्यांची पकड कमी होत जाते. वळणावर गाडीने वेग कमी केला पण ट्रॉलीने केला नाही, तर ट्रॉली हुकाला पुढे आणि बाजूला रेटते, गाडीची मागची चाके घसरतात आणि दोन्ही वाहने मिटलेल्या अडकित्त्याप्रमाणे एकमेकांवर येतात. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे ते याचसाठी. तेथील सामान्य रचनेत ट्रॉली पुढे रेटू लागली की जोडणीतला दांडा आत सरकतो आणि त्या दाबानेच तिचे ब्रेक लागतात. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या, स्कॉर्पिओवर आधारलेल्या महिंद्राच्या पिकअपला अडीच टनांपर्यंतची ट्रॉली ओढता येते, हा दाखला अनेकदा दिला जातो, पण ती मर्यादा ब्रेक असलेल्या ट्रॉलीची आहे, ब्रेक नसलेल्या ट्रॉलीची नव्हे, आणि त्या बाजारासाठी हूक, वायरिंग व चेसिसची जोडणी यांचा विचार आधीपासून झालेला असतो. सौंसरच्या रस्त्यावरील पिकअपला केवळ कंपनीचे नाव सारखे आहे म्हणून ती क्षमता लावता येत नाही.

कायद्याची बाजू या संदर्भात बहुतेकांच्या समजुतीपेक्षा जास्त स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार ट्रॉली, म्हणजे कायद्याच्या भाषेत ट्रेलर, हे मोटार वाहनाने ओढण्यासाठी असलेले वेगळे वाहन ठरते, आणि कलम ६१ नुसार नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू होतात. नोंदणी नसलेली ट्रॉली पिकअपच्या मागे लावून महामार्गावर काढणे हा त्यामुळे हुकाच्या आधीचाच गुन्हा आहे. हुकासंबंधी महत्त्वाचे आहे ते कलम ५२. निर्मात्याने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद झालेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने वाहनात करू नये, असा त्याचा आशय आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हा आशय कडकपणे उचलून धरला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाने परवानगीशिवाय केलेल्या अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवण्यात आली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने गाड्यांच्या पुढे लावल्या जाणाऱ्या पोलादी गार्डांविरुद्ध राज्यांना पत्र पाठवले, तेही याच कलमाच्या आधारावर. पुढचा गार्ड चालत नसेल तर चेसिसला वेल्डिंग केलेला मागचा जबडा चालतो असे म्हणण्याला आधार उरत नाही, आणि तरीही प्रत्यक्षात पुढचे गार्ड पकडले जातात व मागचे जबडे सुटतात, याचे कारण इतकेच असावे की गार्ड समोरून दिसतो.

पिकअप ही पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक मालवाहू गाडी असल्यामुळे तिला ठरावीक मुदतीने पासिंगला जावे लागते. नव्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी. वेल्डिंगचा जबडा पासिंगच्या वेळी कापायचा आणि नंतर पुन्हा लावायचा, हा मार्ग अवलंबणारे मालक चेसिसवर दर वेळी नवी उष्णता देतात, आणि त्याचा परिणाम दंडापेक्षा महाग पडू शकतो, ज्याचा विचार पुढे येईल. अतिरिक्त भारासंबंधीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : कलम १९४ नुसार मर्यादेबाहेरच्या भाराला २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, तेव्हा दीडपट माल नेऊन वाचवलेले डिझेल एका चालानात जाते.

परवान्याच्या बाबतीत मात्र पिकअपचालकाची चिंता बरीच कमी झाली आहे. साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले होते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. विम्याच्या बाबतीत चित्र उलटे आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातांवरून देशभर जे खटले झाले, त्यांतून एक सूत्र पुन्हा पुन्हा समोर आले : ओढणाऱ्या वाहनाचा विमा आहे म्हणून ओढल्या जाणाऱ्या वाहनाचा विमा आपोआप होत नाही. २००७ मधील ब्रिज मोहन प्रकरणात ट्रॉलीवरून जाणाऱ्या मजुराला इजा झाली. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामापुरता होता आणि ट्रॉलीचा वेगळा विमा नव्हता, म्हणून विमा कंपनी जबाबदार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, जरी त्या मजुराची स्थिती पाहून कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी असा आदेश दिला. तोडणीचे मजूर ट्रॉलीत बसवून बगीच्यापर्यंत नेणे हा या पट्ट्यातला नित्याचा प्रकार आहे, आणि शेवटी वसुली मालकाकडूनच होते, हा त्या निकालातला भाग गावागावांत माहीत असायला हवा.

येथवरच्या विवेचनात ट्रॉलीचा विचार झाला. परंतु रामाकोना परिसरात पिकअपच्या मागचा हूक ज्या कामासाठी खरोखर वापरला जातो ते काम ट्रॉलीचे नसून टोचनाचे आहे. काळ्या मातीत पाऊस पडला की पांदण रस्ता चिखलाचा होतो, भरलेल्या पिकअपची मागची चाके एक्सलपर्यंत रुततात, आणि मग दुसरी पिकअप किंवा ट्रॅक्टर आणून साखळीने वा तारेच्या रोपाने ती बाहेर काढावी लागते. परतीचा पाऊस आणि आंबिया बहाराची तोडणी एकमेकांवर आली की हे प्रसंग वाढतात. हूक ठेवण्याच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे, आणि जे मालक तो काढायला तयार नसतात त्यांच्या मनात ट्रॉली नव्हे, तर अशीच एखादी संध्याकाळ असते.

या कामासाठी कोणता हूक योग्य, याचे उत्तर मात्र अनेकांच्या सवयीविरुद्ध जाते. रुतलेली गाडी काढताना केवळ तिचे वजन ओढावे लागत नाही; चिकट काळी माती चाकांना धरून ठेवते, चाकासमोर मातीचा बांध तयार झालेला असतो, आणि ओढणाऱ्या गाडीने ढिल्या साखळीला झटका दिला तर क्षणभरापुरता ताण संथ ओढीच्या कितीतरी पट वाढतो. गोळ्याचा हूक ट्रॉलीच्या स्थिर ओढीसाठी बनवलेला असतो, गोळ्याचा दांडा एका अरुंद मानेवर उभा असतो, आणि झटक्याने ती मान तुटली की पोलादाचा गोळा ताणलेल्या पट्ट्याच्या ओढीने मागच्या गाडीच्या काचेतून आत शिरू शकतो. ऑस्ट्रेलियात, जेथे वाळूत आणि चिखलात गाड्या काढणे हा लोकांचा छंदच आहे, अशा रीतीने माणसे मेली आहेत, आणि तेथे गोळ्याला कधीही पट्टा अडकवू नये हा पहिला धडा शिकवला जातो. वेल्डिंगचा जबडाही यात फारसा सुरक्षित नाही, कारण त्याची ताकद वेल्डिंग करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते आणि ती मोजलेली नसते. चेसिसच्या लांब दांड्यांना बोल्टने जोडलेली, कारखान्याने दिलेली कडी हीच येथे वापरायची वस्तू आहे. साखळीऐवजी पट्टा वापरावा, तो अडकवताना त्यावर पोते वा जाड कापड टाकावे म्हणजे तुटल्यास तो उसळत नाही, आणि ओढ हळूहळू वाढवावी.

बंद पडलेल्या गाडीचे रस्त्यावरचे टोचन ही वेगळी गोष्ट आहे आणि त्याला नियम आहेत. १९८९ च्या रस्ते-नियमांत दोन गाड्यांमधील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसावी, ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या चालकाच्या जागी परवानाधारक माणूस असावा आणि वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असे ठरवून दिलेले होते. त्यांची जागा २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी घेतली. सौंसर ते सावनेर या टप्प्यावर रात्री अंधारात बारा-पंधरा मीटर लांबीच्या तारेच्या रोपाने ओढली जाणारी पिकअप दिसली, तर ती पाहणाऱ्या मोटारसायकलस्वाराला रोप दिसत नाही, एवढे लक्षात घेतले तरी पाच मीटरची अट का आली ते कळते.

हूक ठेवण्याच्या समर्थनार्थ आणखी एक युक्तिवाद केला जातो : मागून कोणी धडकले तर हूक आधी मार खातो आणि फाळका, दिवे व बंपर वाचतात. कमी वेगाच्या धक्क्यात, बाजारात मागे-पुढे करताना, हे खरे आहे, आणि अमेरिकेत कित्येक पिकअपमालक केवळ यासाठी रिकामा दांडा नळीत ठेवून हिंडतात. परंतु धक्का जोराचा असला तर हूक तो शोषून घेत नाही, सरळ चेसिसमध्ये पोहोचवतो. बंपर चेपला की तो बदलता येतो, चेसिसची शेवटची आडवी पट्टी वाकली तर तिची किंमत वेगळ्या पातळीवर जाते. स्वीडनमधील विमा-नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात टो-बार असलेल्या मोटारींत मागून धडक बसल्यावर प्रवाशांच्या मानेला दीर्घकाळ टिकणारी इजा होण्याचा धोका जास्त आढळला. मोटारी आणि पिकअप यांची रचना सारखी नसते, तरी ताठ भाग धक्का पुढे सरकवतो हे तत्त्व दोन्हींना लागू पडते. याखेरीज हूक मागे हातभर निघालेला असला, तर कमी उंचीच्या दुचाकीवरील स्वाराला त्याची धार दिसत नाही, आणि माल चढवणाऱ्या हमालाच्या नडगीला तो रोज लागतो. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली आहे, आणि गोळा किंवा जबडा तिच्यासमोर आला तर पाटी झाकली जाते. युरोपात काढता येणारा हूक पाटी झाकत असेल तर वापर नसताना तो काढावाच लागतो.

या सर्व बाबी एकत्र ठेवल्या, तर निर्णय पुढीलप्रमाणे येतो. ज्या मालकाकडे नोंदणी झालेली, ब्रेक असलेली आणि विमा काढलेली ट्रॉली नाही, त्याच्या पिकअपला जबडा किंवा गोळा लावण्याचे समर्थन होत नाही, आणि या पट्ट्यात अशी ट्रॉली असणारे पिकअपमालक शोधावे लागतील. शेतात ट्रॉली हवी असेल तर ती ट्रॅक्टरच्या मागे लावणे, भाड्याने ट्रॅक्टर सांगावा लागला तरी, स्वस्त पडते. टोचनासाठी कारखान्याची कडी ठेवावी, तिच्या बोल्टची पकड वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, पाहून घ्यावी, आणि ती चिखलाने बुजलेली असेल तर ब्रशने मोकळी करून ग्रीस लावावे. कडी जुन्या गाडीवर गहाळ असेल तर त्याच मापाची कडी बोल्टने बसवावी. वर्कशॉपने वेल्डिंग सुचवले तरी ते करू नये.

जबडा आधीच वेल्डिंगने बसलेला असेल, तर तो काढताना गॅस कटरने मुळाशी कापण्याची घाई अनेकदा चेसिसचेच नुकसान करते. चेसिसचे पोलाद ठरावीक जाडीचे आणि ठरावीक ताकदीचे असते, आणि वेल्डिंगच्या कडेच्या पट्टीत ते आधीच तापून बदललेले असते. त्याच जागी पुन्हा ज्योत लावली की केसाइतकी भेग पडू शकते, आणि ती भेग रंगाखाली लपून वर्षभर वाढत राहते. त्याऐवजी जबडा चेसिसपासून थोडे अंतर ठेवून कापावा, उरलेला खुंट ग्राइंडरने हळूहळू घासून सपाट करावा, घासलेल्या जागेवर डिझेल लावावे, थोड्या वेळाने ती जागा कोरडी पुसून वरून खडूची भुकटी भुरभुरावी, म्हणजे भेग असल्यास तिच्यात शिरलेले डिझेल खडूवर ओली रेघ होऊन उमटते. रेघ उमटली तर गाडी कमानी-पाट्यांचे काम करणाऱ्या जाणत्या वर्कशॉपकडे न्यावी आणि भेगेच्या टोकाला भोक पाडून ती पुढे जाण्यापासून थांबवल्याशिवाय तिच्यावर माल भरू नये. रेघ नसेल तर प्रायमर आणि रंग लावून ती जागा पुढच्या पासिंगपर्यंत अधूनमधून पाहत राहावे.